बाइंडरबाईंची सही

बाइंडरबाईंना इंग्रजी शिकवलं ते उंदरांनी. असं त्या स्वतःच सांगत, आणि ऐकणारा हसला की वर म्हणत, "हसा खुशाल. तुमच्या मास्तरांपेक्षा बरे होते. छडी तरी मारत नव्हते."

गोष्ट खरी होती. शाळा नववीत सुटली तेव्हा बाईंना इंग्रजी येत होतं ते दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं. मग मामाने त्यांना सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात आपल्या हाताखाली घेतलं. मामा तिथला बाइंडर. मैद्याची खळ कशी शिजवायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद कधी टाकायचं, जुनी शिवण कशी उसवायची, पानांचे जुडगे दाभणाने कसे शिवायचे आणि पुठ्ठा चढवून पुस्तक शिकंज्यात कसं आवळायचं, हे सगळं बाईंनी त्याच्याकडून उचललं. मामाचा नियम एकच. शिकंज्यात घालण्याआधी पानांचे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचे. एक पान जरी उलटसुलट लागलं तरी वाचणारा बाइंडरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मामा गेला, त्याची खुर्ची बाईंकडे आली, आणि त्याच वर्षी एका निवृत्त शिक्षिकेने आपली पुस्तकं वाचनालयाला देणगी दिली. तीनशे बारा पुस्तकं, सगळी इंग्रजी, सगळी एकाच विषयाची: ब्रिटनमधली साधीसुधी माणसं पूर्वी कशी जगत होती. बिचारीच्या माळ्यावर उंदरांचं राज्य होतं. त्यांनी शिवणी कुरतडल्या, आणि पानांचे नेमके कोपरे खाल्ले, जिथे आकडे छापलेले असतात. म्हणजे पानं विस्कटलेली, आणि आकडे उंदरांच्या पोटात. आता तपासायचं काय, कपाळ?

बाईंनी डोकं चालवलं. एका पानाची शेवटची ओळ वाचायची, आणि तिच्यापुढे कुठल्या पानाची पहिली ओळ बसते ते शोधायचं. पहिल्या पुस्तकाला पावणेदोन महिने लागले. मदतीला एक शब्दकोश होता, पण तोही दुरुस्तीलाच आलेला, आणि एस अक्षरानंतर त्याची पानंच गायब होती. टीपासून पुढच्या शब्दांचे अर्थ बाई अंदाजपंचे लावत. त्यातले काही अंदाज वीस वर्षांनी चुकीचे निघाले, तेव्हा त्यांना आपल्याच काही आवडत्या गोष्टी नव्याने कळल्या.

ओळी जुळवायच्या आणि पुढे सरकायचं, एवढाच बेत होता. पण एका पानाच्या पहिल्या ओळीत एक धुणारी बाई पहाटे हंड्याखाली जाळ करत होती, आणि त्याच पानाच्या शेवटच्या ओळीत तिला पोलीस घेऊन चालला होता. मधे काय झालं? बाईंना घास गिळवेना. शेवटी दुपारच्या सुट्टीत त्यांनी ते आख्खं पान वाचून काढलं. घरात खायला नव्हतं म्हणून तिने गिऱ्हाइकाच्या चादरी गहाण टाकल्या होत्या. त्या दिवसापासून बाई ओळी जुळवायच्या त्या नुसत्या नावाला.

शाळेत इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळी. इथे राजा औषधालाही नव्हता. इथे होता तो पहाटे लांब काठीने खिडक्यांवर टकटक करून गिरणी कामगारांना उठवत फिरणारा माणूस. इथे होते खिडक्यांवर कर बसला म्हणून खिडक्याच विटांनी बुजवून टाकणारे घरमालक. इथे मोठ्या घरांमधल्या मोलकरणी होत्या, ज्यांनी मालक समोरून आला तर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आणि गरिबांना ठेवायची ती सरकारी घरं होती, जिथे दारातूनच नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे जायची, आणि दिवसभर जुने दोर बोटांनी पिंजत बसायचं. हे वाचताना बाईंनी स्वतःच्या नखांकडे पाहिलं. बांधणीच्या दोऱ्यांची टोकं पिंजून त्यांचीही नखं फाटलेली असत. फरक इतकाच, की त्यांना संध्याकाळी घरी जाता येत होतं.

घरी ऐकायला नवरा होता. तो तेव्हा बस चालवायचा. जेवताना बाई त्याला विलायतेच्या गिरण्या आणि मोलकरणी वाढत, आणि तो निमूट ऐकून घेत असे. एकदा त्याने विचारलं, "त्या टकटकवाल्याला कोण उठवायचं गं?"

बाईंना उत्तर येईना. त्यांनी अकरा पुस्तकं धुंडाळली आणि तीन आठवड्यांनी जेवताना जाहीर केलं, "तो रात्रभर जागाच राहायचा आणि दिवसा झोपायचा."

"म्हणजे माझ्यासारखाच," नवरा म्हणाला. त्याची तेव्हा रात्रपाळी होती.

या वाचनाने बाई बिघडल्या, असं वरच्या मजल्यावरचं मत होतं. वाचनालयाच्या जिन्यावर समितीचे सभासद दिसले की तळघरातल्या माणसांनी कठड्याला चिकटून उभं राहायची पद्धत होती. कोणी सांगितलेली नव्हती, पण होती. भिंतीकडे तोंड करणाऱ्या त्या मोलकरणी वाचल्यापासून बाई जिन्याच्या मधोमध चालू लागल्या. एका सभासदाने कपाळाला आठ्या घातल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "या ना, जिना रुंद आहे." मग त्यांनी तळघराला पंखा मागितला. पाच अर्ज केले. पाचव्या अर्जात विलायतेच्या कारखान्यांमधल्या हवेबद्दल दीड पान लिहिलं, आणि पंखा आला. लोक म्हणतात की ते दीड पान वाचायचा कंटाळा आला म्हणून आला. येईना का, आला तर खरा.

आता त्यांची चूक सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं.

तळघरातल्या कर्मचाऱ्यांना सभासद होता येत नसे. नियमच तसा होता. म्हणजे पुस्तक दुरुस्त करायचं, पण घरी न्यायचं नाही. बाईंनी यावर तोड काढली. पुस्तक दुरुस्तीला आलं की ते कितीही दिवस त्यांच्या टेबलावर राहू शकत होतं, वहीत कारण लिहिलं की झालं. मग त्या वरच्या कपाटातून पुस्तक आणत, वहीत "शिवण सैल" असं लिहीत, आणि दुपारी वाचत बसत. शिवण कसली सैल, त्यांच्याच हातची ती. पण लेखणीला कोण विचारतो? वाचून झालं तरी पुस्तक वर न्यायचा जीव होत नसे. आज नेऊ, उद्या नेऊ. चौतीस वर्षांच्या नोकरीत असं होत होत शेवटी चाळीसएक पुस्तकं तळघरात मुक्कामाला असायची, आणि ती त्या कपाटांमधली सगळ्यात चांगली पुस्तकं असायची. जुन्या ग्रंथपाल बाईंना हे ठाऊक होतं. त्या कानाडोळा करत. त्या निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले.

नवे साहेब वाईट माणूस नव्हते. तिशीतले, नीटनेटके, सगळ्यांना अहोजाहो करणारे. परीक्षांची तयारी करणारी मुलं वाचनालयात जागेअभावी जिन्यावर बसतात, हे त्यांना खरोखरच बघवत नव्हतं. त्यांना मोठ्या दालनात टेबलं टाकायची होती, आणि टेबलांच्या जागेवर त्या शिक्षिकेची तीन कपाटं उभी होती. त्यांनी नोंदी तपासल्या. सात वर्षांत त्या कपाटांतलं एकही पुस्तक कोणी घरी नेलेलं नव्हतं. निर्णय सोपा होता: सगळी लगद्याला पाठवायची. अडचण एकच. देणगीच्या कागदात शिक्षिकेने लिहून ठेवलं होतं की वाचनालयाच्या बाइंडरने दुरुस्तीपलीकडे ठरवल्याखेरीज यातलं पुस्तक काढता येणार नाही.

साहेब स्वतः तळघरात आले. हातात तीनशे बारा पुस्तकांची यादी होती. प्रत्येक नावापुढे शेऱ्याचा रकाना कोरा, आणि शेवटी बाइंडरच्या सहीची रेघ.

"मावशी, एक छोटंसं काम आहे," ते म्हणाले. "प्रत्येकापुढे 'दुरुस्तीपलीकडे' असं लिहायचं, आणि खाली सही. नाहीतर असं करू, शेरे मी टाइप करून घेतो. तुम्ही फक्त सही करा."

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग चष्मा काढला.

"साहेब, ही सगळी मी शिवलीत."

"मान्य आहे."

"मग दुरुस्तीपलीकडे कशी? माझं काम वाईट आहे का?"

"कामाचा प्रश्न नाही हो. ही पुस्तकं कोणाला नकोत. सात वर्षांत घरी नेणारा एक माणूस नाही."

"मी वाचते की."

पुढचं बोलणं साहेबांनाही आवडत नव्हतं, पण त्यांची तयारी पक्की होती. त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं आणि त्यातल्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. वरच्या देवघेवीच्या खिडकीवर पुस्तक मागायला लोक जी चिठ्ठी भरतात, तीच ही. अकरा होत्या. अकराही या कपाटांतल्या पुस्तकांसाठी, आणि अकरांवरही शिक्केवाल्या कारकुनाच्या अक्षरात एकच शब्द होता: दुरुस्तीला.

"सात वर्षांत अकरा वेळा मागणी आली," साहेब म्हणाले. "अकराही वेळा पुस्तक इथे होतं. तुमच्या वहीत 'शिवण सैल' आहे, आणि शिवण तर सैल नव्हती. हे समितीपुढे गेलं तर काय म्हणतील? चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. चौकशी लागली तर निवृत्तिवेतन अडकतं, वर्ष वर्ष अडकतं. मला यातलं काहीच करायचं नाही. बुधवारी समितीची बैठक आहे. तोवर यादी द्या, म्हणजे हे पाकीट माझ्या कपाटात राहील."

साहेब वर गेले. बाई त्या अकरा चिठ्ठ्यांकडे पाहत राहिल्या. त्यांना राग आला होता, पण तो कोणावर धरावा हे कळत नव्हतं. साहेबांनी धमकी दिली हे खरं, पण चिठ्ठ्या काही साहेबांनी लिहिल्या नव्हत्या.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तोही आता निवृत्त झाला होता आणि दिवसभर खिडकीतून दुसऱ्यांच्या गाडी चालवण्यावर टीका करायचा. "सही कर आणि मोकळी हो," तो म्हणाला. "चौतीस वर्षं इमानाने काढलीस. जाता जाता कशाला हात पोळून घेतेस? पुस्तकं तुझ्या डोक्यात आहेतच."

"माझ्या डोक्यात असून उपयोग काय? माझं डोकं कपाटात लावून ठेवू?"

"मग काय करणार आहेस?"

बाईंच्या मनात काडेपेट्यांच्या कारखान्यातल्या पोरी होत्या. त्या पोरींबद्दल त्यांच्याकडे तीन पुस्तकं होती आणि तिन्ही पाठ होती. लंडनमधल्या त्या कारखान्यात फॉस्फरसने बायकांचे जबडे सडायचे, आणि जरा बोललं, जरा उशीर झाला की पगारातून दंड कापला जायचा. हे सगळं एका वर्तमानपत्रात छापून आलं. तेव्हा मालकांनी एक कागद तयार केला, की छापलंय ते खोटं आहे, आणि तो कामगारांपुढे सहीला ठेवला. पोरींनी सही केली नाही. एकीला कामावरून काढलं, तशा बाकीच्याही उठून बाहेर पडल्या, चौदाशेच्या आसपास. शिकलेल्या नव्हत्या, जवळ साठवलेलं काही नव्हतं. तीन आठवड्यांच्या आत मालक नमले आणि दंड बंद झाले. बाईंनी ही गोष्ट नवऱ्याला पूर्वी निदान दहा वेळा सांगितली असेल. त्या रात्री त्यांनी ती सांगितली नाही, कारण त्या पोरींनी कोणाला पुस्तक नाकारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या देवघेवीच्या खिडकीवर गेल्या. शिक्केवाला त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच वर्षी लागलेला, जिभेला हाड नसलेला माणूस.

"ताई, तळघर सोडून वर? सूर्य कुठे उगवला आज?"

"हे अकरा जण कोण आहेत ते सांग."

त्याने चिठ्ठ्या चाळल्या. दोघे गाव सोडून गेले होते, एक जण वारला होता, पाच कॉलेजची मुलं होती, ती आता कुठे असतील देव जाणे. तीन चिठ्ठ्या मात्र एकाच बाईच्या होत्या, एकाच पुस्तकासाठी, दोन-दोन महिन्यांच्या अंतराने. "ही लाँड्रीवाली," शिक्केवाला म्हणाला. "टपाल कचेरीच्या मागे दुकान आहे. तिसऱ्यांदा आली तेव्हा मलाच लाज वाटली. पण वहीत दुरुस्तीला लिहिलंय म्हटल्यावर मी काय करणार?"

पुस्तक होतं धुणाऱ्या बायकांवरचं. ज्या पुस्तकातल्या एका पानाने बाईंना वाचायला लावलं, तेच.

लाँड्री एका खोलीची होती. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे दोरीवर टांगलेले शर्ट, आणि मधे वाफेत उभी असलेली चाळिशीची बाई. बाइंडरबाईंनी आपण वाचनालयातून आल्याचं सांगितलं आणि पुस्तकाचा विषय काढला. लाँड्रीवालीने हातातला शर्ट पुरा केला, घडी घातली, मग म्हणाली, "मागितलं होतं खरं. झाली की चार वर्षं. मुलीच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं, आपल्या कामावर पुस्तक आहे तिकडे. मला इंग्रजी जेमतेम येतं, पण मुलगी वाचून दाखवणार होती. पहिल्यांदा गेले तर दुरुस्तीला. दुसऱ्यांदा गेले तर दुरुस्तीला. तिसऱ्यांदा मग माझी मीच समजले."

"काय समजलात?"

"आपल्यासारख्यांना देत नसतील. तोंडावर नाही म्हणायला बरं वाटत नाही, म्हणून दुरुस्तीला म्हणत असतील."

बाइंडरबाईंना वाटलं, इथून उठून निघून जावं. पण त्या तशा नव्हत्या.

"पुस्तक माझ्याकडे होतं," त्या म्हणाल्या. "फाटलेलं नव्हतं. मी वाचायला ठेवून घेतलं होतं."

लाँड्रीवालीने दुसरा शर्ट टेबलावर पसरला आणि कॉलरवर पाणी मारलं. "चार वर्षं वाचत होता?"

"चारदा वाचलं."

"चांगलं आहे?"

"चांगलं आहे."

"मग असू दे. निदान कोणीतरी वाचलं," ती म्हणाली, आणि इस्त्री उचलली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाइंडरबाईंना सोपं गेलं असतं.

त्या तिथून निघाल्या त्या रस्त्याने स्वतःशीच बोलत. वाचनालयाच्या नियमांना त्या आयुष्यभर नावं ठेवत आल्या होत्या. साहेबांना, समितीला, विलायतेच्या गिरणीमालकांना, सगळ्यांना त्यांनी फैलावर घेतलं होतं. आणि चादरी धुणाऱ्या बाईला दारातून परत पाठवायचं काम केलं होतं कोणी, तर त्यांनीच. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की भीती वाटायला जागाच उरली नाही. साहेबांच्या पाकिटात होतं ते याच्यापुढे काहीच नव्हतं.

सोमवारी आणि मंगळवारी त्या तळघरात बसल्याच नाहीत. यादी आणि पेन्सिल घेऊन वर मोठ्या दालनात गेल्या, सगळ्यांच्या देखत कपाटं उघडली आणि एकेक पुस्तक हातात घेऊन तपासलं. तळघरातली चाळीस आधीच तपासून झाली होती. पाठ दाबून पाहिली, पुठ्ठा हलवून पाहिला, शिवण ओढून पाहिली. अभ्यासाची मुलं माना वर करून बघत होती. साहेबांना वाटलं, बाई नमल्या. नुसती सही करायच्या ऐवजी रीतसर काम करताहेत, करू द्या. त्यांनी बाईंसाठी चहासुद्धा पाठवला. बाईंनी प्यायला.

बुधवारी समिती बसली. सात माणसं आणि मधे अध्यक्ष, गावातले जुने वकील. साहेबांनी टेबलांची योजना मांडली आणि बाईंना आत बोलावलं. बाईंनी यादी अध्यक्षांच्या हातात दिली, पण सोडली नाही. एक कोपरा धरून ठेवला.

"यादी वाचायच्या आधी मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "सात वर्षांत ही पुस्तकं कोणी नेली नाहीत असं नोंदीत आहे. न्यायला लोक आले होते. अकरा चिठ्ठ्या साहेबांकडे आहेत, पाकिटात. अकराही वेळा पुस्तक माझ्या टेबलावर होतं आणि मी वहीत खोटं लिहिलं होतं. तळघरातल्या माणसाला पुस्तक नेता येत नाही, म्हणून मी चोरून वाचत होते. माझ्या वाचण्यापायी दुसऱ्यांचं वाचणं बुडालं. चूक माझी आहे. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

साहेब खुर्चीत अवघडले. पाकीट आता कशाच्याच उपयोगाचं राहिलं नव्हतं. अध्यक्षांनी यादी वाचायला घेतली आणि तिसऱ्या पानावर थांबले.

"हे काय आहे? सगळीकडे 'शाबूत' लिहिलंय."

"तीनशे नऊ शाबूत आहेत. तीन खरंच गेलीत, त्यांच्यापुढे 'दुरुस्तीपलीकडे' लिहिलंय. वाळवीने पाठच खाल्ली. ती तीन द्या लगद्याला, माझं काही म्हणणं नाही. खाली सही केलीय."

"अहो, पण हवीत कोणाला ही?" एक सभासद म्हणाले. हे तेच, जिन्यावर आठ्या घालणारे. "ज्या गोऱ्या साहेबांनी अर्ध्या जगाला लुटलं त्यांचा इतिहास आपण कपाटात पुजायचा?"

"साहेबांचा नाही तो," बाई म्हणाल्या. "साहेबांचे बूट पुसणाऱ्यांचा आहे. त्यांनाही तेच साहेब लुटत होते. तुम्ही एक तरी उघडून बघितलंय का?"

कोणी बघितलं नव्हतं. अध्यक्षांनी घसा खाकरला. वकील माणूस, भांडण मिटवायची सवय. त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघा बाई, तुमचा जीव आहे पुस्तकांवर, ते दिसतंय. मग असं करू या. सही नको, चौकशी नको, काही नको. तीनशेच्या तीनशे तुम्ही घरी घेऊन जा, कागदोपत्री दुरुस्तीला दिली म्हणून दाखवू. समितीकडून तुम्हाला निरोपाची भेट. इथे टेबलं लागतील, पुस्तकं तुमच्याकडे सुखात राहतील. सगळ्यांचं भलं."

साहेबांनी मान डोलावली. सभासदांनी डोलावली. खरोखरच सगळ्यांचं भलं होतं. आणि खोटं कशाला बोला, बाईंच्या डोळ्यांपुढे घरातली पुढची खोली आली. खिडकीखालची भिंत रिकामी होती. तीन कपाटं सहज मावली असती. निवृत्तीनंतर सकाळपासून वाचत बसायचं, वहीत काही लिहायला नको, कोणी जिना उतरतंय का म्हणून कान लावायला नको. चौतीस वर्षांत त्यांनी दुसरं काही मागितलं असतं तर हेच मागितलं असतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"नको," त्या म्हणाल्या.

"नको?"

"माझ्याकडे सुखात राहतील, तळघरातही सुखातच होती. मागायला आलेली माणसं परत गेली. आता घरी नेली तर तेच पाप परत करायचं, फक्त तुमच्या परवानगीने. मला नकोत."

"मग आम्ही बाहेरचा बाइंडर आणून दाखला घेऊ," आठ्यावाले म्हणाले.

"जरूर आणा. त्याच्या हातात यातलं कुठलंही पुस्तक द्या आणि माझा एक टाका उसवून दाखव म्हणावं. उसवला तर मी सगळ्या यादीवर तुम्ही म्हणाल ते लिहून देते."

तासाभराने समितीचा ठराव लिहिला गेला, तो असा: बाइंडरच्या दाखल्यानुसार पुस्तकं शाबूत असल्याने काढता येत नाहीत. दालनातली वर्तमानपत्रांची जुनी थप्पी हलवून तिथे टेबलं टाकावीत. पुस्तकं अडवून ठेवल्याबद्दल बाइंडरच्या सेवापुस्तकात ठपका नोंदवावा. ठपका वाचून दाखवला तेव्हा बाईंनी तो दोनदा ऐकला आणि "बरोबर लिहिलंय" म्हणाल्या. वर त्यांनी अजून एक अर्ज तिथेच पुढे केला, की तळघरातल्या माणसालाही सभासद होता यावं. अध्यक्ष कपाळाला हात लावून म्हणाले, ठेवा, पुढच्या बैठकीत बघू.

गुरुवारी सकाळी वाचनालय उघडलं तेव्हा बाई जिन्यावर होत्या. छातीशी सहा-सात पुस्तकं धरून, एका हाताने कठडा पकडून, एकेक पायरी चढत होत्या. गुडघे कुरकुरत होते. वर जायचं, कपाटात जागच्या जागी पुस्तकं लावायची, खाली यायचं, पुन्हा चढायचं. चाळीस पुस्तकं होती. पहिल्या खेपेतलं सगळ्यात वरचं पुस्तक त्यांनी कपाटात न लावता देवघेवीच्या खिडकीवर ठेवलं आणि शिक्केवाल्याला लाँड्रीचा पत्ता सांगून म्हणाल्या, "निरोप धाड. पुस्तक आलंय म्हणावं."

तिसऱ्या खेपेला नवे साहेब जिन्यात भेटले. ते बाजूला सरले आणि बाईंच्या हातातली पुस्तकं घ्यायला पुढे झाले.

"मावशी, शिपायाला सांगितलं असतं ना. त्याने आणली असती सगळी."

"नको," बाई म्हणाल्या, आणि दम खायला क्षणभर थांबल्या. "खाली मीच नेली होती."